‘देवानं नेलं’ असं मुलाला सांगू नका

प्रश्न : ताई, मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. माझा धाकटा भाऊ 31व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेला. आई म्हणते, ‘देवाची इच्छा’. पण एकटी असली की विचारते, ‘माझी प्रार्थना कमी पडली का गं?’ नवरा म्हणतो, पेशीत बिघाड झाला, वर कोणी बसलेलं नाही. माझ्या 8 वर्षांच्या मुलानं परवा विचारलं, ‘देवानं मामाला का नेलं? देव असतो कुठे?’ मला काही बोलताच आलं नाही. मनात येईल तेव्हा माणसं उचलून नेणारा देव मला मान्य नाही. तरी रात्री सगळे झोपले की मी कुणाशी तरी बोलते. काही मागत नाही, दिवसभरात काय घडलं ते सांगते. ही मी स्वतःची फसवणूक करते आहे का? पोथीतलं उत्तर नको. देव म्हणजे काय आणि त्याचा या जगाशी काय संबंध, याबद्दल तुम्ही स्वतः काय मानता ते सांगा.

उत्तर : भावाबद्दल आधी बोलते, देवाबद्दल नंतर. कारण देवाविषयीचं माझं मत तुमच्या भावाच्या मरणापुढे टिकत नसेल, तर ते तुमच्या काहीच उपयोगाचं नाही.

तुमच्या भावाला देवानं नेलं नाही. तो आजार त्याला कुणी पाठवला नव्हता. शिक्षा म्हणून नाही, परीक्षा म्हणून नाही, ‘चांगली माणसं देवाला आधी हवी असतात’ म्हणून तर मुळीच नाही. आपल्या अस्थिमज्जेत रोज सुमारे 200 अब्ज तांबड्या पेशी तयार होतात, पांढऱ्या वेगळ्याच. त्यासाठी तिथल्या मूळ पेशी सतत विभागत राहतात आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी सुमारे 3 अब्ज अक्षरांचे दोन जनुकीय संच पुन्हा उतरवून घ्यावे लागतात. उतरवताना चुका होतात. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते, राहिलेल्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. एखादी मात्र अशा जागी पडते की पेशीला कुठे थांबायचं हेच कळेनासं होतं. हे घडायला कुणाच्या निर्णयाची गरज लागत नाही. जनुकांतल्या याच बदलांमुळे जीवसृष्टी पहिल्या पेशीपाशी थांबून राहिली नाही. ते बदल नसते तर तुमचा भाऊ जन्मालाच आला नसता. हे मी सांत्वन म्हणून सांगत नाही, यात सांत्वन नाहीच. जगाची घडण अशी आहे, आणि देवाबद्दल जे काही बोलायचं ते या घडणीकडे डोळे उघडे ठेवून बोलायला हवं, म्हणून सांगते.

आता ‘इच्छे’चा विचार करून बघा. प्रत्येक घटना देवानं वेचून ठरवलेली असेल, तर तुमच्या भावाशेजारच्या खाटेवरचा जो कोणी बरा होऊन घरी गेला, त्यालाही देवानंच निवडलं आणि तुमच्या भावाला नाकारलं. असा नाकारणारा कोणी असेल तर त्याच्यापुढे हात जोडायला माझे हात उठणार नाहीत. तुमचेही उठत नाहीत, हे तुमच्या पत्रातून कळतं. कुणी याला श्रद्धा उडणं म्हणेल. मला ती श्रद्धेचीच खूण वाटते. देव चांगला असला पाहिजे, ही अट तुम्ही अजून सोडलेली नाही. ती सोडली असती तर राग आलाच नसता.

बहुतेकांच्या मनात देवाचं जे चित्र असतं ते जगाबाहेर बसलेल्या कुणाचं तरी असतं. मग भांडण एवढंच उरतं की तो जगात हात घालतो की नाही. 1715-16मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझ आणि न्यूटनच्या बाजूचे सॅम्युएल क्लार्क यांच्यात पत्रांतून नेमका हाच वाद झाला. ग्रहांच्या गतीत साठत जाणारी अनियमितता कधीतरी देवाला सुधारावी लागेल, असं न्यूटनला वाटत होतं. लाइब्निझचं म्हणणं, ज्याला आपल्या घड्याळाला अधूनमधून किल्ली द्यावी लागते तो कारागीर कच्चाच म्हणायचा. तुमची आई आणि तुमचे पती यांच्यातलं भांडण याच जातीचं आहे. आई म्हणते, बाहेरच्यानं हात घातला. पती म्हणतात, बाहेर कोणी नाहीच. देव असलाच तर तो बाहेर असणार, एवढं दोघांनीही धरून ठेवलं आहे.

मला ते धरून ठेवणंच पटत नाही. जिथे आपलं ज्ञान थांबतं तिथे देवाला बसवायचं, हा खेळ देवाच्या दृष्टीनं हरण्याचाच आहे. ज्ञान पुढे सरकतं तसा तो मागे सरकत जातो. तुम्ही पदार्थविज्ञान शिकवता म्हणून जॉर्ज लमेत्र यांची आठवण देते. प्रसरण पावणाऱ्या विश्वाची कल्पना 1927मध्ये आणि विश्वाच्या प्रारंभीच्या ‘आदिम अणू’ची 1931मध्ये मांडणारे हे बेल्जियन शास्त्रज्ञ कॅथलिक धर्मगुरूही होते. 1951मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धान्तात ईश्वरी निर्मितीचा आधार दिसतो अशा अर्थाचं भाषण केलं, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाले ते लमेत्रच. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नांपासून पूर्णपणे अलग आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. या माणसाचा देवावर गाढ विश्वास होता आणि तरीही 13.8 अब्ज वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या क्षणाच्या फटीत देवाला कोंबायला त्यांची तयारी नव्हती. त्या फटीपेक्षा देव फार मोठा आहे हे ते जाणून होते, असं मला वाटतं.

तर मी काय मानते? देव ही जगातल्या अनेक वस्तूंपैकी एक वस्तू नाही, सर्वांत मोठी, सर्वांत बलवान अशीही नाही. जे काही आहे ते ज्यामुळे ‘आहे’ त्याला मी देव म्हणते. तारे, पेशी, तुमचा भाऊ, तुमचं त्याच्यावरचं प्रेम, हे सगळं असण्याला जो आधार आहे तो. हा आधार कधीकाळी एकदा मिळाला आणि मग जग आपलं आपण चालत राहिलं असंही नाही. तो या क्षणी आहे. जग अनादि आहे असं उद्या सिद्ध झालं तरी या म्हणण्याला धक्का लागत नाही. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञानं हेच सांगितलं होतं की जग कायमच असलं तरी ते देवावर अवलंबून असू शकतं, कारण निर्मिती म्हणजे सुरुवात नव्हे, अवलंबून असणं. त्याच्याही कितीतरी आधी ईशावास्य उपनिषदाचा पहिलाच मंत्र सांगून गेला की या हलत्या-चालत्या जगात जे जे आहे ते सगळं ईशानं व्यापलेलं आहे. तिथे बाहेर बसलेला कुणी उरतच नाही.

भाषेकडे बघा, म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते जरा जवळ येईल. आपण बोलतो ते प्रत्येक वाक्य भाषेत असतं. पण भाषा म्हणजे त्या वाक्यांपैकी एक वाक्य नव्हे. सगळी वाक्यं एकेक करून तपासली तरी ‘ही बघा भाषा’ म्हणून वेगळं काढून दाखवता येणार नाही, आणि तिच्याशिवाय त्यातलं एकही वाक्य उभं राहणार नाही. आजवर जे बोललं गेलं त्या सगळ्याहून भाषा मोठी आहे, कारण अजून न बोललेलंही तिच्यात आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं, शिवीही भाषेतच दिली जाते. भाषेनं ती शिवी निवडलेली नसते. तरी भाषा नसती तर शिवीही नसती आणि अंगाईही नसती. देवाचा जगाशी संबंध मला असा दिसतो. तो घटना निवडत नाही, घटना त्याच्यात घडतात. म्हणून तुमच्या भावाच्या आजारात ‘देवाचा हेतू’ शोधणं व्यर्थ आहे, आणि ‘हेतू सापडत नाही म्हणून देव नाही’ असं म्हणणंही तितकंच अपुरं आहे.

ही उपमा एका जागी तुटते, तीही दाखवते. भाषा ऐकत नाही. भाषेला कुणाचं काही वाटत नाही. तुमचं रात्रीचं बोलणं नेमकं या तुटलेल्या जागेवर येऊन उभं राहतं, म्हणून तिथे परत येईन. त्याआधी एक वळसा घ्यायलाच हवा, कारण आपल्याकडे या प्रश्नावर इतका बारीक विचार झाला आहे की तो टाळून पुढे जाणं मला जमणार नाही.

‘सगळं देवच आहे’ असं म्हटलं की लगेच कुणीतरी सांगतो, मग हे जग माया, दुःखही माया, रडायचं कशाला? शंकराचार्यांच्या नावावर हे सर्रास खपवलं जातं आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे. जग निखालस नाहीच, असं ते म्हणत नाहीत. व्यवहारात जग खरंच आहे, ब्रह्मज्ञान झाल्यावर त्याचं वेगळं खरेपण उरत नाही, अशी त्यांची मांडणी आहे. तरीही माझा कल तिकडे नाही. रामानुजाचार्यांनी जगाला देवाचं शरीर म्हटलं. शरीर आत्म्यावर अवलंबून असतं, पण खोटं नसतं. हे मला जास्त जवळचं वाटतं. आणि त्याहून जवळचे ज्ञानदेव. ज्ञानेश्वरी 1290मध्ये पूर्ण झाली. त्यानंतर त्यांनी जो स्वतंत्र ग्रंथ रचला त्या अनुभवामृतात, म्हणजेच अमृतानुभवात, सर्वांत मोठं प्रकरण अज्ञानाच्या खंडनाचं आहे. देवावर अज्ञानाचा पडदा पडला आणि त्या पडद्यावर जग दिसू लागलं, ही कल्पनाच ते मोडीत काढतात. जग हा चैतन्याचा विलास आहे, तेच स्वतः असं प्रकटलं आहे, असं ते म्हणतात. म्हणजे जग देवाला झाकत नाही, जग हे देवाचं दिसणं आहे.

हा फरक अभ्यासकांपुरता राहू नये असं मला फार वाटतं, म्हणून थोडं थांबते. तुमचा भाऊ हा नुसता भास असेल तर तुमचं रडणंही भासच ठरतं, आणि मग तुम्हाला समजवायला येणारा प्रत्येक जण तुमच्या दुःखाला अडाणीपणा म्हणून मोकळा होतो. ज्ञानदेवांच्या वाटेनं गेलं तर तो भाऊ, त्याचं हसणं, त्याच्या खोड्या, त्याची 31 वर्षं, हे सगळं त्या एकाच सत्याचं खरंखुरं प्रकटणं होतं. ते गेलं तेव्हा खरोखरच काहीतरी गेलं. दुःखाला खरं मानण्याची परवानगी देणारं तत्त्वज्ञान मला हवं होतं, ते मला इथे मिळालं.

पाश्चात्त्यांत या विचाराजवळ येणारा एक मोठा माणूस म्हणजे तत्त्वज्ञ स्पिनोझा. देव आणि निसर्ग एकच, हे त्याचं मत. 1656मध्ये, वयाच्या अवघ्या 23व्या वर्षी, ॲमस्टरडॅममधल्या त्याच्या ज्यू समाजानं त्याला बहिष्कृत केलं आणि त्याचा मुख्य ग्रंथ 1677मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. आइन्स्टाइननंही 1929मध्ये सांगितलं की आपण स्पिनोझाचा देव मानतो, माणसांच्या नशिबात आणि कृत्यांत लक्ष घालणारा देव मानत नाही. तुमच्या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांना इथे येऊन थांबावंसं वाटतं. मी इथून एक पाऊल वेगळी पडते. स्पिनोझा म्हणतो, जो देवावर प्रेम करतो त्यानं देवाकडून उलट प्रेमाची अपेक्षा धरता कामा नये. तर्क म्हणून हे भव्य आहे. पण ज्या आधारातून प्रेम करणारी माणसं निर्माण झाली, तो आधार स्वतः प्रेमापेक्षा कोरडा आणि कमी असेल, हे मला पटत नाही. ही सिद्धता नाही, तुमच्या वर्गात फळ्यावर मांडता येणार नाही. तरी माझा सगळा विश्वास याच एका वाक्यावर उभा आहे. जे जगात उमललं, ते मुळात नव्हतंच असं म्हणणं मला अवघड जातं. देव माणसासारखी व्यक्ती नसेल. पण तो व्यक्तीपेक्षा कमी काहीतरी, एखादं आंधळं बल, असेल असंही मी मानत नाही.

तुमचे पती इथे अडवतील, आणि त्यांनी अडवावंच. ‘जो काही करत नाही, कुणाला वाचवत नाही, त्याला देव म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, फरक काय पडतो?’ प्रश्न रास्त आहे. माझ्या मते फरक पडतो, आणि तो पहिल्यांदा पडतो तुमच्या आईच्या त्या प्रश्नावर. देव घटना वाटत नसेल, तर कुठलीच घटना हा कुणाला दिलेला निरोप उरत नाही. आजार म्हणजे पापाची पावती नाही. बरं होणं म्हणजे भक्तीचं बक्षीस नाही. जगात विषमता आणि क्रूरता दिसते तिचा दोष ईश्वराकडे जातो का, हा प्रश्न वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांनीही घेतला आहे. त्यांचं उत्तर असं की ईश्वर ज्याच्या त्याच्या कर्माला धरून फळ देतो, म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही. तर्क सुटसुटीत आहे. पण आजारी माणसाच्या उशाशी उभं राहून हा तर्क म्हणून बघा. देवावरचा दोष उचलून तो त्या आजारी माणसाच्याच छातीवर ठेवला जातो, आणि तोही त्याला आठवत नसलेल्या जन्मातल्या कृत्यासाठी. मी ते मान्य करत नाही. बायबलच्या जुन्या करारात ईयोबाची गोष्ट आहे, तिच्याकडे मी पुन्हा पुन्हा जाते. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाला त्याचे मित्र समजावत राहतात की तुझ्या हातून काहीतरी पाप घडलं असणार. ईयोब मात्र देवालाच जाब विचारतो. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे, असं त्यांना सुनावतो. ज्यांनी ही गोष्ट जपली त्यांना दुःखाचं कारण सांगणाऱ्यांपेक्षा भांडणारा जास्त प्रामाणिक वाटला होता.

आणखी एक फरक पडतो. तुमच्या भावाच्या उशाशी कोण होतं? तुम्ही होतात, तुमची आई होती, रात्रपाळीच्या परिचारिका होत्या. माझा देव जर घटना उलथवत नसेल तर त्याचं चांगुलपण जगात येणार कुठून? जिथे जिथे कुणीतरी दुसऱ्याच्या दुःखाला प्रतिसाद देतं तिथून. ‘देव कुठे होता’ या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, आणि ते तुम्हाला अपुरं वाटलं तर ते खरोखर अपुरं आहे.

कारण एक गाठ माझ्याकडूनही सुटत नाही. देव जर सगळ्याचाच आधार असेल, तर तो त्या बिघडलेल्या पेशीचाही आधार आहे. ‘तो निवडत नाही’ म्हटल्यानं हे टोचणं कमी होतं, जात नाही. हान्स योनास या ज्यू तत्त्वज्ञाची आई नाझींच्या आउशविट्झ छळछावणीत मारली गेली. 1984मध्ये त्यांनी आउशविट्झनंतरच्या देवकल्पनेवर व्याख्यान दिलं आणि देवाचं सर्वशक्तिमान असणं सोडून दिलं. चांगुलपणा सोडला नाही. जग खरंच स्वतंत्र व्हावं म्हणून देवानं स्वतःची सत्ता सोडून दिली, असं काहीसं ते सुचवतात. निवड करायचीच तर मीही तीच करते. सगळं करू शकणारा पण करत नसलेला देव मला नको. मात्र असं जग असण्याचीच गरज काय होती, हे मला सांगता येणार नाही. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त विचारतं की ही सृष्टी कुठून आली, आणि संपताना म्हणतं, परम आकाशात जो हिचा अध्यक्ष आहे तो ते जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल. इतका धीट प्रश्न विचारून तो तसाच उघडा ठेवणाऱ्या परंपरेत आपण जन्मलो, याचा मला मनापासून आधार वाटतो.

आता तुमचं रात्रीचं बोलणं.

ती फसवणूक नाही. फसवणूक तेव्हा झाली असती जेव्हा तुम्हाला न पटलेली गोष्ट पटल्याचं नाटक तुम्ही केलं असतं. तुम्ही उलटं करता आहात. डोक्यानं ज्याला नाव देता आलं नाही त्याच्याशी तुमचं मन आधीच बोलू लागलं आहे. पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा वाचलं : ‘काही मागत नाही.’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या लेखी हीच प्रार्थनेची सर्वांत निर्मळ रीत आहे. मागणाऱ्या प्रार्थनेला बाहेरचा देव लागतो, जो ऐकेल आणि देईल किंवा नाकारेल. सांगणाऱ्या प्रार्थनेला तो लागत नाही. दिवसभराचं सगळं, जसं आहे तसं, एका जागी उघडं करून ठेवायचं, एवढंच तिच्यात असतं. समोर ऐकणारा कान आहे की नाही, हे आधी ठरवून मग बोलायचं असं काही बंधन नाही. निर्गुण, निराकार म्हणून ज्यांनी देव जाणला त्या आपल्या संतांनीच त्याला ‘तू’ म्हणून हाक मारली, त्याच्याशी भांडणं केली, त्याला विनवलं. त्यांना विसंगती कळत नव्हती असं थोडंच आहे? जे सगळ्यांचं मूळ आहे त्याच्याशी आपलं नातं जोडण्याचा माणसाजवळ दुसरा मार्गच नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आपण माणसं आहोत, आपण ‘तू’ म्हणूनच जवळ जातो.

केनोपनिषदात एक इशारा आहे. आपल्याला ते कळलं असं ज्याला वाटतं, त्याला ते कळलेलं नसतं. तेव्हा रात्री तुम्ही ज्याच्याशी बोलता त्याची व्याख्या करण्याच्या मागे लागू नका. बोला. एक मात्र लक्षात ठेवा. त्या बोलण्यात ‘मी आधी ओळखायला हवं होतं’, ‘मी असं केलं असतं तर तो वाचला असता’ असं रोज रोज येऊ लागलं, झोप उडाली, वर्गात उभं राहवेना असं झालं, तर समुपदेशकाकडे जा. देवाशी बोलण्यानं भागत नसलेलं पुष्कळ काही माणसाशी बोलून हलकं होतं, आणि त्यात श्रद्धेचा पराभव नाही.

मुलाला काय सांगायचं? खरं आणि थोडक्यात. ‘देवानं मामाला नेलं नाही. मामाच्या रक्तातल्या काही पेशी बिघडल्या, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, औषधं पुरी पडली नाहीत.’ ‘मामा झोपला’, ‘देवाला तो फार आवडला’ ही वाक्यं कुणीही म्हटली तरी तुम्ही म्हणू नका. 8 वर्षांचं मूल शब्द जसेच्या तसे धरतं. देवाला आवडणं म्हणजे नेलं जाणं, असं एकदा मनात बसलं की त्याला देवाची भीती वाटू लागेल, आणि तुम्ही रात्री उशिरा खोलीत आला नाहीत तर तुमचीही काळजी. त्याला हेही सांगा की मामाचा आजार कुणाकडून लागत नाही आणि त्याच्या वागण्यामुळे, रागावण्यामुळे तो झाला नव्हता. मुलं हा दोष गुपचूप स्वतःकडे घेतात, विचारत नाहीत.

‘देव असतो कुठे’ याला मी असं म्हणेन : ‘मला वाटतं, जे जे आहे त्या सगळ्यात तो आहे, म्हणून बोट दाखवता येत नाही. आजीला वाटतं तो वर आहे आणि सगळं ठरवतो. बाबांना वाटतं तो नाही. मोठी माणसंही यावर फार वर्षं विचार करत आली आहेत. तुला काय वाटतं?’ आणि मग खरंच थांबा, त्याचं ऐका. घरातली तिन्ही माणसं वेगळं मानतात आणि तरी एकमेकांची असतात, हे त्याला दिसणं कुठल्याही सिद्धान्तापेक्षा महत्त्वाचं आहे.

पतींशी वाद नको. पेशीच्या बिघाडाबद्दल ते बरोबर आहेत आणि तुम्ही दोघं तिथे एका बाजूला आहात, हे त्यांना एकदा मोकळेपणानं सांगा. त्यांना बहुधा वाटत असेल की तुम्ही आईच्या बाजूला सरकता आहात.

आईशी तर वाद मुळीच नको. ‘देवाची इच्छा’ हे तिचं मत नाही, ती त्या शब्दांना धरून उभी आहे. ते तिच्या हातून काढून घ्यायचा अधिकार तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. फक्त ती एकटी असताना जे विचारते, त्याला गप्प राहू नका. तिथे तत्त्वज्ञान नको, माझा देव नको, तुमची शंकाही नको. तिला सांगा, ‘आई, तुझी प्रार्थना कमी पडली नाही. त्याला काय झालं ते प्रार्थनेनं ठरणार नव्हतं. तू त्याच्याजवळ होतीस, हे त्याला कळत होतं.’ ती हे एकदा ऐकून सोडून देणार नाही, पुन्हा विचारेल. पुन्हा तेच सांगा. आणि मुलानं पुढे काय विचारलं ते मला जरूर कळवा.